तेरा दिवसांतले दोन गवे

9 डिसेंबर 2020 रोजी सकाळी कोथरूडच्या महात्मा सोसायटीत फिरायला निघालेल्यांना गवा दिसला आणि पुढचे काही तास अख्ख्या पुण्याने तो मोबाइलवर पाहिला. गल्ल्यांतून सैरावैरा धावणारा, फाटकाला धडकणारा, तोंडाला फेस आलेला, आणि त्याच्यामागे अर्धेमुर्धे मास्क लावलेल्या माणसांचा लोंढा. शेवटी त्याला भुलीच्या इंजेक्शनचे डार्ट मारले, जाळी-दोर टाकून आवळलं, गाडीत चढवलं, पण तो वाचला नाही. तेरा दिवसांनी, 22 डिसेंबरला, बावधनजवळ दुसरा गवा दिसला. तोच वनविभाग, तेच पोलीस, तेच पुणेकर. हा गवा मात्र त्याच दिवशी आपल्या पायांनी झाडीत परत गेला. पहिल्या गव्यासाठी श्रद्धांजलीचे संदेश फिरले, कविता झाल्या, माफ्या मागून झाल्या. दुसरा फारसा कुणाला आठवत नाही, आणि शिकण्यासारखं जे काही होतं ते त्याच्यापाशी होतं, हे मनात खुपत राहतं.

पहिल्या गव्यावर तेव्हा जेवढं बोललं गेलं त्यातलं बरंचसं इंजेक्शनभोवती फिरत होतं. डोस जास्त झाला का, दोनदा मारायची गरज होती का, आधीच का नाही मारलं. प्रश्न गैर नाहीत. पण भुलीचं इंजेक्शन हा अशा प्रसंगातला जवळजवळ शेवटचा अंक असतो, आणि तो कसा वठणार हे आधीच्या दोन-चार तासांत ठरून गेलेलं असतं. ते तास कुणाच्या हातात असतात? वनविभागाच्या नव्हे. त्यांची गाडी पोचेपर्यंत ते तास गल्लीच्या, वॉचमनच्या, गच्चीवरून शूटिंग करणाऱ्यांच्या आणि 'मी बघतो कसा जात नाही ते' म्हणत काठी उगारणाऱ्या एखाद्या उत्साही माणसाच्या हातात असतात.

कोथरूडमध्ये गवा आला कुठून, हा प्रश्न पुण्याचा नकाशा फक्त रस्त्यांनी वाचला तरच पडतो. तोच नकाशा टेकड्यांनी वाचला तर उत्तर समोर आहे. ताम्हिणी-मुळशीचं रान, तिथून डोंगरांच्या सोंडा, मग एनडीएचा, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा, मोठा राखीव हिरवा पट्टा, बावधन-पाषाणच्या टेकड्या, आणि त्यांच्या पायथ्याला चिकटलेल्या सोसायट्या. कळपातून बाहेर पडलेला नर रात्रभरात बरंच अंतर चालून जातो. त्याला शहरात 'यायचं' नसतं. तो उतार धरतो, दवाने ओलं गवत धरतो, अंधार असतो तोवर सगळं सुरळीत चालतं. मग उजाडतं. दुधाच्या गाड्या, भुंकणारी कुत्री, रिव्हर्स घेणाऱ्या गाड्यांचं केकाटणं, आणि ज्या फटीतून तो आत आला ती फट आता माणसांनी भरलेली. गव्याचा सगळ्यात मोठा भरवसा नाकावर. शहरात डिझेल, फिनेल, कचरा आणि माणूस यांच्या वासात ते नाक आंधळं होतं. उरतात डोळे, आणि डोळ्यांना प्रत्येक उघडं गेट वाट वाटतं. त्यातली बहुतेक गेटं पार्किंगमध्ये संपतात.

आणि पार्किंगची फरशी हा वेगळाच शत्रू. खूर माती-खडकासाठी घडलेला असतो. गुळगुळीत टाइल्सवर, धुतलेल्या पेव्हर ब्लॉकवर तो धरत नाही. सात-आठशे किलोचं धूड वळताना घसरलं, मागचे पाय फाकले की मांडीच्या आतले स्नायू फाटतात, आणि असा प्राणी पुढे कितीही काळजीने उचलला तरी बहुधा परत धड उभा राहत नाही. सोसायटीच्या आत गवा शिरला की जाणकार माणूस आधी जमीन बघतो ती यासाठी. मातीवर आहे की फरशीवर? फरशीवर असेल तर त्याला पळवायचं नाही, एवढं एक कळलं तरी निम्मं काम होतं.

गवा काय सांगतोय हे आपल्याला वाचता येत नाही, ही दुसरी अडचण. तो समोर आडवा उभा राहतो, पूर्ण बाजू दाखवत, मान किंचित खाली, पाठीचा कणा उंचावलेला. बघणाऱ्याला वाटतं, शांत उभा आहे, फोटो काढून घेऊ. प्रत्यक्षात ती धमकी असते: बघ मी केवढा आहे, आता तू बाजूला हो. रानात दोन नर एकमेकांसमोर असेच आडवे चालतात आणि पुष्कळदा मारामारी न होता एकजण काढता पाय घेतो. इथे समोरचा काढता पाय घेत नाही, दोन पावलं पुढे येतो. मग नाकातून जोरात फुत्कार, डोकं झटकणं, पुढच्या खुराने जमीन उकरणं, आणि शेवटी धाव. त्या धावेच्या रेषेत जो असेल तो मरतो, आणि मग 'हिंस्र गवा' असा मथळा होतो. आडवा उभा राहिलेल्या गव्यापासून तोंड त्याच्याकडे ठेवूनच मागे सरकायचं, भिंतीला किंवा गाडीला पाठ लागू द्यायची नाही, आणि मुख्य म्हणजे त्याच्यामागची मोकळी वाट कोणी अडवली असेल तर त्यांना तिथून हलवायचं. तुम्ही मागे सरकलात आणि त्याच्या पाठीमागे पन्नास माणसं तशीच उभी असली तर त्याला तुमच्याच अंगावरून जावं लागणार.

आता आतल्या गोष्टीबद्दल, जी कॅमेऱ्यात दिसत नाही.

खुरवाल्या प्राण्याचं शरीर छोट्या, जोरदार पळासाठी बनलेलं असतं. वाघ मागे लागला, दोन-तीन मिनिटं जिवाच्या आकांताने पळाला, सुटला किंवा मेला. तासन् तास पाठलाग ही रानातली गोष्ट नव्हे. तशी वेळ आली की स्नायूंना प्राणवायू पुरत नाही, आम्ल साठत जातं, अंगाचा ताप चढतो, मग स्नायूंच्या पेशी फुटू लागतात. त्यांच्यातली द्रव्यं रक्तात उतरतात, मूत्रपिंडं तुंबतात, लघवी गडद तपकिरी होते, रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय कधीही दगा देतं. पशुवैद्यक याला कॅप्चर मायोपॅथी म्हणतात. वाईट भाग असा की हे सुरू झाल्यावर प्राणी उभा असतो, चालत असतो, बघणाऱ्याला धडधाकट वाटतो. काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनी कोसळतो. एकदा गाडी या वळणावर गेली की सलाईन, सोडा-बायकार्ब, गार पाणी हे सगळं करतात, पण हाताला यश क्वचित येतं. हरणं आणि गवे यांत हे विशेष दिसतं. म्हणून 'पळवून पळवून दमवू, मग पकडू' हा सल्ला ज्याने दिला त्याने गव्याला मारायचाच सल्ला दिला, नकळत का होईना.

अशा अंगात भूल टोचली की काय होतं? घाबरलेल्या प्राण्याच्या रक्तात अ‍ॅड्रेनलिन इतकं असतं की औषध नेहमीच्या मात्रेत चढत नाही. डार्ट बसतो, दहा मिनिटं जातात, पंधरा जातात, प्राणी उभाच. लोक ओरडतात, 'अजून एक मारा!' दुसरा डार्ट बसतो. मग दमून प्राण्याचा आवेग ओसरतो आणि दोन्ही डार्ट एकदम चढतात. त्यातच भुलीने शरीराची स्वतःला गार ठेवायची ताकद जाते, आणि ताप आधीच चढलेला असतो. दुसरा डार्ट मारण्याआधी पहिल्याचं काय झालं हे कळायला हवं. तो स्नायूत बसला की चरबीत? सुई आत राहिली की आदळून उसळली? पडलेला डार्ट मिळाला तर तो हातात घेऊन आत औषध किती उरलंय हे बघणं, ही अगदी साधी गोष्ट आहे. पण पाचशे माणसांच्या गराड्यात पडलेला डार्ट शोधायचा कोणी? शिवाय त्यातलं काही उरलेलं औषध माणसाच्या जिवावर बेतणारं असतं. मोठ्या खुरवाल्या प्राण्यांसाठी वापरलं जाणारं एटॉर्फिन तर असं की त्याचा थेंब माणसाच्या जखमेवर पडला तरी धोका. त्यावरचा उतारा आधी भरून ठेवतात, मग बाटली उघडतात. पोराने 'आठवण' म्हणून डार्ट खिशात घालावा, अशी ही वस्तू नाही.

बंदुकीचंही गणित असतं. अंतर मोजून गॅसचा दाब ठरवायचा. दाब कमी झाला तर डार्ट वाटेतच पडतो, जास्त झाला तर सुई हाडात जाते. गव्याच्या जाड कातडीला लांब सुई लागते, बिबट्याला आखूड. नेम मांडीवर किंवा खांद्याच्या जाड स्नायूवर. तोंड, मान, पोट, बरगड्या वर्ज्य. प्राणी स्थिर उभा असताना, बाजूने, वीस-तीस मीटरवरून मारलेला डार्ट चांगला बसतो. धावत्या प्राण्यावर चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून मारलेला डार्ट हा नशिबाचा खेळ. डार्ट बसल्यावर खरं काम म्हणजे गप्प बसणं: निदान पंधरा मिनिटं कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही. प्राणी पडला की आधी डोळ्यांवर फडकं, कानांत कापसाचे बोळे. गवा कुशीवर पडला असेल तर त्याला छातीवर बसता करायचं, मान उचलून धरायची आणि नाक खालच्या बाजूला ठेवायचं, कारण रवंथ करणारा प्राणी कुशीवर पडून राहिला की पोट फुगतं आणि पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत जाऊ शकतं. दर पाच मिनिटांनी ताप, श्वास, नाडी. ताप 41 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ लागला की अंगावर पाणी, सावली, आणि पुढचा सगळा बेत रद्द करून उतारा देण्याची तयारी.

या सगळ्याला जागा लागते आणि शांतता लागते. 2011-12मध्ये कान्हाहून बांधवगडला गवे हलवले गेले, एकूण 50. तिथेही भूल दिली, ट्रकमध्ये चढवलं, लांबचा प्रवास केला. प्राणी तोच आणि तंत्रही त्याच जातीचं, फक्त आजूबाजूला माणसं मोजकी आणि प्रत्येकाला आपलं काम ठाऊक.

बावधनला 22 डिसेंबरला काय वेगळं झालं? फार काही 'केलं' नाही. बंदोबस्त लवकर लागला, लोकांना लांब रोखलं, आणि गव्याला ज्या बाजूने जायचं होतं ती बाजू मोकळी ठेवली. महामार्गाचा परिसर, संस्थांच्या लांबच लांब भिंती, तरीही आतली झाडी आणि माणसांचा अभाव यांनी त्याला दम घ्यायला अवकाश दिला. जागाही सोयीची होती, हे मान्य करायला हवं. महात्मा सोसायटीच्या गल्ल्यांत एवढी मोकळीक मुळात नव्हती. त्यामुळे पहिल्या दिवशी काम करणारे अडाणी आणि दुसऱ्या दिवशीचे शहाणे, असा निवाडा करायला मन धजत नाही. पण पहिल्या दिवसाने दुसऱ्या दिवसाला धडा दिला हे नक्की. एरवी 'आम्ही काही केलं नाही, फक्त थांबलो' असं एखाद्या अधिकाऱ्याने कॅमेऱ्यासमोर सांगितलं असतं तर त्याची काय गत झाली असती? आपल्याला कारवाई लागते. जाळी हवी, बंदूक हवी, गाडीत कोंबलेला प्राणी हवा. प्राणी निघून गेला म्हणजे कुणीतरी कामचुकारपणा केला, असं वाटतं.

बिबट्याचं प्रकरण निराळं. गवा शहरात पाहुणा, बिबट्या बऱ्याच ठिकाणी शेजारी. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान साधारण 104 चौरस किलोमीटरचं, आणि 2015च्या कॅमेरा ट्रॅप मोजणीत त्या परिसरात 35 बिबटे मिळाले. उद्यानाला लागून असलेल्या आरेच्या पाड्यांतल्या लोकांना हे सांगायला मोजणीची गरज नव्हती. बिबट्या रात्री वस्तीच्या कडेने फिरतो, भटकी कुत्री आणि डुकरं खातो, उजाडायच्या आत दाट झाडीत जातो. ज्या सोसायटीच्या मागे कचऱ्याचा ढीग, तिथे कुत्री, आणि जिथे कुत्री तिथे तो. 'दिसला' म्हणजे 'आज आला' असं नसतं. बहुतेक वेळा आज सीसीटीव्ही लागला, एवढंच.

भानगड होते ती त्याला पहाटेच्या आत परतता आलं नाही तेव्हा. गवा मोकळ्या जागेत पळतो, बिबट्या लपतो. जिन्याखाली, संडासात, पंपाच्या खोलीत, गाडीखाली, अंधार आणि पाठीला भिंत मिळेल तिथे. फेब्रुवारी 2019मध्ये ठाण्याच्या कोरम मॉलच्या पार्किंगमध्ये भल्या पहाटे सीसीटीव्हीत बिबट्या दिसला आणि पुढे जवळच्या एका हॉटेलच्या तळघरात सापडला. दडून बसला होता, म्हणजे तो स्वतःच कोंडला गेला होता, आणि म्हणून शांतपणे भूल देता आली. त्याच्या महिनाभर आधी नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला भर वस्तीत बिबट्या शिरला, लोक जमले, तो एका आडोशावरून दुसऱ्या आडोशाला झेपावत राहिला आणि त्यात वार्तांकनाला आलेल्यांसकट काही जण जखमी झाले. कोंडलेल्या बिबट्याच्या खोलीत डोकावायचं नसतं. माणसाचा चेहरा खिडकीत आला की तो त्या चेहऱ्यावर येतो, काचेसकट. दार बाहेरून ओढून घ्यायचं, खिडक्यांवर बाहेरून चादर किंवा हिरवी जाळी टाकून आत अंधार करायचा, जिन्यावरची ये-जा बंद करायची आणि वाट बघायची. नंतरचं काम तज्ज्ञांचं: पिंजऱ्याचं तोंड दाराला घट्ट भिडवून फटी बांधणं, किंवा झरोक्यातून डार्ट. झायलाझिन आणि केटामिनचं मिश्रण शांत बिबट्यावर दहा-एक मिनिटांत चढतं. भुलीत त्याचे डोळे उघडे राहतात, म्हणून त्यांत मलम घालून वर पट्टी बांधतात, नाहीतर बुबुळं सुकतात. जीभ बाहेर ओढून ठेवतात. लोकांना वाटतं बिबट्या बघतोय, जागा आहे. कोणीतरी काठीने डिवचून खात्री करून घेऊ पाहतो. अशा माणसाला आवरणं हेही रेस्क्यूचंच काम.

आणि मग प्रत्येक वेळी मागणी येते: पकडला ना, आता लांब सोडा. जुन्नर भागात 2001 ते 2003 या काळात शंभराहून जास्त बिबटे पकडले गेले, त्यातले काही लांब नेऊन सोडले. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की माणसांवरच्या हल्ल्यांची वर्षाची सरासरी आधी 4 होती, ती या धरपकडीनंतर 17वर गेली. अनोळखी मुलखात टाकलेला, भेदरलेला, दात-नखं पिंजऱ्याच्या गजांवर मोडून घेतलेला बिबट्या नव्या जागी नीट वागेल अशी अपेक्षाच चुकीची. शिवाय तो तिथे थांबतोच असंही नाही. पारनेर तालुक्यात विहिरीत पडलेल्या एका बिबट्याला 2009मध्ये माग काढणारी जीपीएस कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं. संशोधकांनी त्याला 'आजोबा' म्हटलं. तो सव्वाशेच्या आसपास किलोमीटर चालत, रेल्वेमार्ग आणि महामार्ग ओलांडत, वसईची खाडी पोहून थेट बोरिवलीच्या त्याच राष्ट्रीय उद्यानात पोचला. वाटेत त्याने एकाही माणसाला हात लावला नाही, आणि 2011मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेने गेला. मागे रिकामी झालेली जागाही रिकामी राहत नाही. महिन्या-दोन महिन्यांत तिथे दुसरा येतो, बहुधा तरुण आणि अननुभवी.

हे सगळं शहरातल्या टेबलाशी बसून सांगणं सोपं आहे, याचीही जाणीव ठेवावी लागते. शिरूर-जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यात 2025च्या शेवटी शेवटी बिबट्याने लहान मुलं नेली, लोक रस्त्यावर आले, वनविभागाची गाडी जळाली. उसात जन्मलेला, उसातच वाढलेला बिबट्या आणि रात्री बाराला शेताला पाणी द्यायला जाणारा माणूस यांच्यात टेकडीसारखी काही मधली जागा उरलेली नाही. त्या आईला सहजीवनाचं व्याख्यान ऐकवायची हिंमत कोणी करू नये. तिथला प्रश्न निराळा आहे, बिबट्या नरभक्षक ठरला तर त्याला ठार मारण्याचा आदेश देण्याची कायद्यात तरतूद आहे, आणि ती कधीकधी वापरावी लागते. पण कोथरूडमधल्या किंवा ठाण्यातल्या माणसाने त्या भीतीचा आधार घेऊन आपल्या गच्चीवरून फटाके फोडावेत, हे त्यात बसत नाही.

आता फोनचं. वनविभागाची हेल्पलाइन 1926, पोलिसांसाठी 112. दोन्हीकडे करावा, कारण गर्दी हटवायची ताकद आणि गरज पडली तर जमावबंदी लावण्याचा मार्ग पोलिसांकडून जातो, वनरक्षकाकडून नव्हे. फोनवर सांगण्यासारखं पाच वाक्यांत मावतं. प्राणी कोणता, खात्री नसेल तर रंग, उंची, शेपूट. आत्ता नेमका कुठे आणि तोंड कुठल्या बाजूला. जमीन माती आहे की फरशी. बाहेर पडायच्या वाटा किती आणि त्यातली टेकडीकडची कोणती. जखम आहे का, लंगडतोय का. 'बिबट्या आलाय लवकर या' एवढ्यावर टीमला काय आणायचं हेच कळत नाही. गव्याचा आणि बिबट्याचा पिंजरा एक नसतो. याच वेळी सोसायटीच्या ग्रुपवर लाइव्ह लोकेशन टाकू नये. पाच मिनिटांत चारशे माणसं पोचतात आणि टीम ट्रॅफिकमध्ये अडकते. व्हिडिओ संध्याकाळी टाकला तरी तेवढ्याच लाइक मिळतात.

त्यातच एआयने बनवलेले फोटो. सोफ्यावर बसलेला, झेब्रा क्रॉसिंगवर उभा राहिलेला बिबट्या. दोन दिवस वनविभागाची माणसं त्यामागे पळतात, खऱ्या कॉलला उशीर होतो. शंका आलीच तर जमीन बघावी, मोबाइल नव्हे. ठसा कुत्र्याचा असेल तर पुढे नखांच्या खुणा उमटतात आणि ठसा लांबट असतो. बिबट्याचा गोलसर, नखं आत ओढलेली, मोठ्या नराचा सात-आठ सेंटिमीटर रुंद. ठशाशेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवून वरून सरळ फोटो काढला की तज्ज्ञाला पुरतं. पुष्कळ 'बिबटे' शेवटी उदमांजर किंवा रानमांजर निघतात, एखादा तर शेजाऱ्याचा गलेलठ्ठ बोकाही.

बाकीच्या मंडळींबद्दल थोडक्यात. शहरात सर्वाधिक भेटणारा रानटी जीव म्हणजे साप. धामण दिसली की नाग समजून मारतात, आणि पार्किंगच्या पालापाचोळ्यात घोणस असते तिकडे दुर्लक्ष होतं. तिचा फुत्कार कुकरच्या शिट्टीसारखा, लांबलेला. तो ऐकू आला की पाय जिथे आहे तिथेच थांबवायचा, आवाज कुठून येतो ते बघायचं, मग मागे. साप घरात असेल तर सात-आठ फुटांवरून नजर ठेवायची, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबायचा आणि सर्पमित्राला बोलवायचं. फिनेल, रॉकेल ओतायचं नाही. साप बिथरून भिंतीच्या भेगेत जातो आणि मग दोन दिवस कुणी झोपत नाही. चावला तर आवळपट्टी नाही, चिरा नाही, हात-पाय न हलवता सरळ सरकारी दवाखाना. चिपळूणला 2024च्या पावसाळ्यात भर रस्त्यावर मगर चालताना दिसली. वाशिष्ठीकाठच्या गावाला त्यात नवल थोडंच. तिला वाट दिली, ती गेली.

राहता राहिला वॉचमन. पहाटे चार ते सहा ही या प्राण्यांची परतायची वेळ, आणि त्या वेळी सोसायटीत जागा असणारा माणूस तोच. तो पहिला पाहतो, तो पहिला घाबरतो, आणि त्याने शिट्टी फुंकून काठी आपटली की पुढचं सगळं रामायण सुरू होतं. त्याने फक्त रस्त्याकडचं गेट बंद करून टेकडीकडचं उघडं टाकलं आणि केबिनमध्ये दिवा मालवून बसला तर दहातले बरेच प्राणी अर्ध्या तासात निघून जातील. पण हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. त्याच्या केबिनच्या भिंतीवर टँकरवाल्याचा, लिफ्टवाल्याचा, गॅसवाल्याचा नंबर असतो, 1926 नसतो. आणि टेकडीकडच्या गेटला तर गेली कित्येक वर्षं कुलूप आहे. त्याची किल्ली सेक्रेटरींकडे, आणि सेक्रेटरी सातला उठतात.